दहावा उजवा हात

आई सांगून गेली होती, जरा पिठलं ढवळ, मी दूध घेऊन येते. ती परत आली तेव्हा समरजित ओट्यामागच्या भिंतीला पिठलं लावत होता. चांगलं लावत होता. एकसारखं, कोपऱ्यात हात फिरवून, कुठं फुगा नाही की चीर नाही.

आईनं दुधाची पिशवी खाली ठेवली. "गवंड्याचा?"

"गवंड्याचा," समरजित म्हणाला. "उलथनं जड हुतं गं. लक्षात आलं नाही."

"लाकडी घ्यायचं की मग."

"लाकडी घेतलं की केकवाला येतोय."

आईनं भिंतीवरून बोट फिरवलं. "ऱ्हाऊ दे, वरचं वरचं काढून घेते," म्हणाली. त्यांच्या घरात आता या विषयावर फार बोलणं होत नसे.

समरजित कोष्टी इचलकरंजीचा, वय तेवीस, शिक्षण बारावी. त्याच्या बरोबरीच्या पोरांना आईबापांनी समरजित, रणवीर, शौर्यजित अशी लढाईवर निघाल्यासारखी नावं ठेवली होती. बारावीचा निकाल लागला आणि ही सगळी फौज एकाच दिवशी बेरोजगार झाली. सरकार स्वस्थ बसलं असं मात्र कोणी म्हणू शकणार नाही. सरकारनं 'हस्तकौशल्य संक्रमण अभियान' काढलं, आणि अभियानाबरोबर बाही आली.

बाही म्हणजे कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत घट्ट बसणारा एक करडा मोजा. त्याच्या आतल्या बाजूला तिळाएवढ्या चौसष्ट टिकल्या. आपण हात हलवतो तेव्हा मेंदूकडून स्नायूंना विजेचे अगदी बारीक इशारे जातात, आणि ते कातडीवरूनही पकडता येतात. एखाद्या जुन्या कारागिराच्या हातात बाही चढवायची, त्याला दोनशे तास त्याचं काम करू द्यायचं, आणि कोणत्या क्षणी कोणता स्नायू किती आवळला ते टिपून ठेवायचं. मग तीच बाही उलटी चालवायची. शिकाऊ पोराच्या हातात ती चढवली की टिकल्या त्याच्या स्नायूंना तेच इशारे त्याच क्रमानं देतात, आणि पोराचा हात कारागिराच्या हातासारखा हलायला लागतो. पहिले दोन दिवस पोराला वाटतं, आपला हात कोणीतरी धरून नेतंय. पाचव्या दिवशी वाटतं, आपणच नेतोय. मेंदूच्या मागच्या बाजूला लहान मेंदू म्हणून एक भाग असतो. सायकल चालवणं, पोहणं, न बघता शर्टाची गुंडी लावणं हे सगळं तिथं साठतं. तो भाग फार चौकशा करत नाही. हात हलला, परत तसाच हलला, हजार वेळा हलला, म्हणजे हे आपलंच, असं तो धरून चालतो. एकविसाव्या दिवशी बाही काढतात. हात शिकलेला असतो. डोकं जिथं होतं तिथंच असतं, पण ते अभियानाच्या कक्षेत येत नव्हतं.

अडचण एकच होती आणि ती माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर छापलेली होती. शिकलेला हात पुसता येत नाही. त्याच्यावर दुसरा बसवता येतो, दुसऱ्यावर तिसरा. त्यातला कोणता कधी जागा होणार, ते मुठीत आलेल्या वस्तूच्या आकारावर आणि वजनावर ठरतं.

आता एका माणसाला इतके हात लागावेत कशाला? तर त्याचं असं होतं. शिकाऊ उमेदवार ठेवणाऱ्या मालकाला सरकार सहा महिने अनुदान द्यायचं आणि उमेदवाराला विद्यावेतन. सातव्या महिन्यापासून उमेदवाराचा पगार मालकानं द्यायचा. मालक लोक सातव्या महिन्याच्या एक तारखेला उमेदवाराला चहा पाजून निरोप देत आणि ताजा उमेदवार मागवत. एकवीस दिवसांनी तोही तेच काम तसंच करायला लागे, त्याच कारागिराच्या हातानं. मालकाला चेहऱ्याशिवाय काही बदलल्यासारखं वाटत नसे.

समरजित असा नऊ ठिकाणी निरोपाचा चहा पिऊन आला होता. त्याच्याकडं नऊ प्रमाणपत्रं होती, आणि एका उजव्या हातात नऊ उस्ताद कोंबून बसले होते. बँकेनं त्याची सही तीनदा परत पाठवली होती. पेन हातात आलं की केकवाला जागा व्हायचा, आणि नावाखाली एक वळणदार रेघ येऊन शेवटी गुलाबाचं छोटं फूल उमटायचं. फूल सुबक यायचं. आपली मूळ सही कशी होती हे त्याला बँकेतल्या नमुन्याच्या कार्डावर बघून घ्यावं लागे, आणि बघूनही जमत नसे.

नियम असा की एका माणसाला जास्तीत जास्त दहा हात. दहावा झाला की त्याचं नाव बेरोजगारांच्या यादीतून निघून कौशल्यसंपन्नांच्या यादीत जाणार. कौशल्यसंपन्नांसाठी कोणतीच योजना नव्हती, कारण त्यांना कशाची गरज पडेल असं कोणाला वाटलं नव्हतं. म्हणजे आता दहाव्या ठिकाणी कायम झालं तर झालं. नाहीतर तेविसाव्या वर्षी समरजित कामावरही नसणार आणि बेरोजगारही नसणार. मग कोण असणार, हे त्यानं मदतवाहिनीला विचारलं होतं. त्यांनी नऊ दाबायला सांगितलं. नऊ दाबल्यावर पुन्हा पहिलीच बाई बोलायला लागली.

दहावा हात वहिफणीचा होता.

मागावर नवा बीम, म्हणजे उभे धागे गुंडाळलेला रूळ, चढवायचा तर त्याच्यावरचे हजारो धागे एकेक करून ओवावे लागतात, आधी वहीच्या, म्हणजे मागावरच्या तारांच्या चौकटीच्या, तारेला असलेल्या डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून. ते काम म्हणजे वहिफणी. ते करणारं यंत्र आहे, पण ते मोठ्या गिरण्यांना परवडतं. अण्णासाहेब मगदूमांचे माग चोवीस. त्यांच्याकडची वहिफणी करणारी माणसं म्हातारी झाली, काही गेली, आणि मगदूमांनी अभियानाकडं चार उमेदवार मागितले. अभियानानं वीस दिले. चारचा अर्ज संगणक घेत नव्हता.

वीस जण एकवीस दिवस शेडमध्ये समोरासमोर बसून बाही घालून हात हलवत राहिले. चौकटी होत्या, धागा ओढून घ्यायच्या आकड्या होत्या. धागा नव्हता. सरावात धागा वाया जाऊ नये, अशी सूचना होती.

समरजितच्या समोर नाझनीन मोमीन बसायची. वय वीस, आणि तिचा हा तिसराच हात, त्यामुळं तिच्यात अजून बराच उत्साह होता. पहिल्या दिवशी त्यानं तिच्यापुढं चहाचा कप धरला, तर तिनं आधी त्याच्या हाताकडं निरखून पाहिलं.

"आत्ता कोण आहे?"

"कपाला अजून कोण आलेलं नाही," समरजित म्हणाला.

"मग तूच असशील."

"असेन," तो म्हणाला, पण खात्रीनं नाही.

बाविसाव्या दिवशी चाचणी. अभियानाच्या समन्वयक पाटणकर मॅडम टॅब घेऊन आल्या. दहा खरे बीम लावले होते, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक उमेदवार. मॅडमनी "सुरू" म्हटलं आणि वीस उजव्या हातांनी एकाच झोकात आकड्या उचलल्या, वहीच्या डोळ्यातून पलीकडं काढल्या, आणि थांबले.

सगळे थांबले. वीस आकड्या डोळ्यातून बाहेर येऊन वाट बघत राहिल्या. समरजितला वाटलं, आता हात पुढचं काहीतरी करेल. हाताला बहुतेक वाटत होतं, पुढचं दुसरं कोणीतरी करेल. समोरून नाझनीनचाही हात तसाच आलेला, दोघांच्या आकड्या एकमेकींना घासत होत्या. मग वीस हातांनी आकडी चौकटीवर दोनदा आपटली. टक टक. आणि पुन्हा पुढं करून थांबले.

"हे काय चाललंय?" मगदूम म्हणाले.

"जुळणी शहाण्णव टक्के आहे," मॅडम टॅबकडं बघत म्हणाल्या. "काही जणांची सत्त्याण्णव. जिल्ह्यात कुठंच एवढी आलेली नाही."

"मॅडम, धागा एक गेला नाही."

"धागा आमच्या निकषात नाही, अण्णासाहेब. मूळ हस्तदात्याच्या हाताशी उमेदवाराचा हात किती जुळतो, हा निकष आहे."

टक टक, वीस हात म्हणाले.

मगदूम बीमभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, ओरडले नाहीत. कारखानदारीत चाळीस वर्षं गेली होती. फक्त विचारलं, "मॅडम, वहिफणी दोघांचं काम असतंय. एक पलीकडनं धागा निवडून देतो, एक अलीकडनं आकडीनं ओढून घेतो. हे सगळे घेणारे आहेत. देणारा कुठाय?"

मॅडमनी फाइल उघडली. हस्तदाता क्रमांक एक्केचाळीस. अर्जात नावाला एकच रकाना. खाली सही, कारण हस्तहक्क कायद्यानुसार हात देणाऱ्यानं सही स्वतःच्या हातानंच करावी लागते, ठसा चालत नाही, आणि ती बँकेतल्या नमुन्याशी जुळावी लागते. सगळं रीतसर होतं. मग नाझनीननं मॅडमच्या खांद्यावरून वाकून सामग्रीची यादी वाचली.

"स्टूल दोन, आकडी दोन, टेबलफॅन एक, महिला एक." तिनं वर पाहिलं. "मॅडम, ही महिला कोण?"

"सहायक सामग्री," मॅडम म्हणाल्या, आणि मग स्वतःच परत एकदा वाचलं.

त्या महिलेचं नाव मालन डाके. हे मगदूमांच्या दिवाणजींना ठाऊक होतं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. समरजित आणि नाझनीन त्याच दुपारी शोधत गेले. अडुसष्ट वर्षांच्या मालनबाई सुनेच्या मोबाईलच्या दुकानात काउंटरमागं बसून चार्जरच्या वायरींचा गुंता सोडवत होत्या. न बघता. वायरी आपापल्या सुटून बाजूला पडत होत्या.

"मावशी, वहिफणीचं विचारायचं होतं," समरजित म्हणाला आणि खिशातली आकडी बाहेर काढली. ती त्यानं नुसती दाखवायला काढली होती. हात काउंटरवरून पुढं गेला, हवेत थांबला. मग काउंटरवर दोनदा आपटला. टक टक.

मालनबाईंचा डावा हात उठला आणि एक पांढरी वायर आकडीत अडकवून मागं गेला. सगळं पापणी लवायच्या आत. मग त्यांनी वर पाहिलं आणि वायर हिसकून घेतली.

"कुणाचा हात हाय ह्यो?"

"हस्तदाता क्रमांक एक्केचाळीस," समरजित म्हणाला.

"तात्या हावळचा हाय. सरळ नाव घ्यायला काय हुतंय? मेला की त्यो गेल्या साली." त्यांनी वायर गुंडाळून ठेवली. "एकतीस वर्सं बसले त्या हाताम्होरं. त्यातली शेवटची अकरा बोलत नव्हतो."

"का, खाला?" नाझनीननं विचारलं.

"पंख्यावरनं. दोघांत एक पंखा. त्यानं आपल्याकडं वळवला. म्हणला, तुझ्याकडं वारा आला की धागं हलत्यात. मी म्हटलं, मग मी काय उकडून मरू? त्यो काय बोलला न्हाई. मग मी बी न्हाई."

"अकरा वर्षं? आणि काम?"

"काम काय तोंडानं करत्यात व्हय? त्यो आकडी घालायचा, मी धागा द्यायची. ती बाही आली तवा बी मी दोनशे तास बसले की. च्या दिला. एक दिवस बिस्कीट बी दिलं."

समरजितला एक गोष्ट केव्हाची विचारायची होती. हाताबद्दल इतका काळ कोणाला काही विचारायची सोयच नव्हती. "मावशी, ते दोनदा टक टक करतो, त्याचा अर्थ काय?"

मालनबाईंनी पुढची वायर गुंत्यातून ओढली. "मला तरी काय म्हाईत? भांडणानंतर सुरू केलं त्यानं. आधी वाटलं, घाई कर म्हणतोय. मग वाटलं, पंखा वळवू का म्हणतोय. एकदा तर वाटलं, चुकलं म्हणतोय. अकरा वर्सं मी त्याचाच इचार केला."

"विचारलं नाही?"

"बोलत नव्हतो न्हवं."

नाझनीननं मुद्द्यावर येऊन सांगितलं, की मावशींनी कारखान्यात यावं, घेणारे वीस आहेत, देणारं कोणी नाही. मालनबाईंनी नकाराची मान हलवली. त्या हाताला परत धागा द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. शिकवायचं मात्र नाही असं काही ठरवलं नव्हतं, कारण तसं कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं.

"किती दिवस लागतील?" समरजितनं विचारलं.

"तुझ्यात किती उस्ताद हाईत?"

"दहा."

"मग उजवा बाद. त्यात जागा न्हाई. डावा दाव." त्यांनी त्याचा डावा हात उलटापालटा करून पाहिला, बोटं ओढून बघितली. "ह्यात कोण हाय?"

"कोणी नाही. बाही उजव्यालाच मिळते."

"बरं झालं. चार म्हैनं."

चार महिन्यांचं गणित समरजितनं घरी मांडलं. मगदूमांकडं बसून राहिला, नुसता हात पुढं करून टक टक करत राहिला, तरी उरलेले पाच महिने अभियानाचं विद्यावेतन चालू राहणार होतं. जुळणी शहाण्णव टक्के होती, कोणी काढू शकत नव्हतं. मग निरोपाचा चहा. मालनबाईंकडं शिकायला बसला तर उजवा हात कामावर नाही म्हणून गैरहजर, म्हणजे विद्यावेतन आजपासून बंद. मगदूम म्हणाले होते, "जो मला धागा देईल तो कायम. पण मी लिहून देणार नाही. लिहून दिलं की ते संगणकात जातंय, आणि संगणकात गेलं की वीस होत्यात. चार महिने बीम ओवायला बाहेर पाठवीन. पुढं नाही."

आई ऐकत होती. "म्हणजे पगार नाही, बाही नाही, कागद नाही."

"नाही."

"आणि डाव्या हातानं."

"हो."

"त्या कामाला म्हणतात काय?"

"देणं."

"यादीत आहे ते?"

"नाही."

आई उठली, पिठल्याच्या भिंतीवरून एकदा फडकं फिरवलं. पिठलं निघत नव्हतं, गवंडी चांगला होता. भिंतीकडं तोंड करूनच ती म्हणाली, "लहानपणी तू डाव्या हातानं जेवायचास. मीच चापट्या मारून मारून उजव्याची सवय लावली. लोक नावं ठेवत्यात म्हणून."

"म्हणजे मी मुळात डावखुरा आहे?"

"तसं काय नाही. जेवायचास फक्त."

ही बातमी चांगली की वाईट, हे त्याला कळेना. तेवीस वर्षं ज्या उजव्या हाताला आपला समजत होतो, ज्यात दहा लोक येऊन राहिले म्हणून दुःख करत होतो, त्यात सगळ्यात आधी आईच येऊन राहिली होती. त्यानं डाव्या हाताकडं पाहिलं. हातानं काही ओळख दिली नाही. सकाळी तो मालनबाईंकडं गेला आणि त्यांना शेडवर घेऊन आला.

मगदूमांनी शेडच्या कोपऱ्यात एक जुना बीम आणि वही लावून दिली होती. समोर नाझनीन, हातात आकडी. शेजारी स्टुलावर मालनबाई, हातात चार्जरची वायर. पहिली सूचना आली, "उजवा मांडीखाली घाल." समरजित उजव्या हातावर बसला. धागे नजरेपेक्षा बोटानं निवडायचे असतात, प्रत्येकाला किंचित ताण असतो, पुढचा धागा बोटाला आपोआप भेटतो, असं मालनबाई सांगत. समरजितला दोन-दोन भेटायचे, किंवा चार धागे सोडून पाचवा. चुकलं की वायर बसायची. मांडीखालचा उजवा मधेच फुरफुरायचा, कधी काहीतरी लिंपायला बघायचा, कधी कोणाचे तरी केस कापायला.

सगळ्यात अवघड वेगळंच होतं. बाहीची सवय झालेल्या माणसाला हात हलतो तेव्हा मागून कोणीतरी हलवतंय, याचा आधार असतो. इथं डावा हात हलायचा आणि कोणी हलवल्यासारखं वाटायचं नाही. समरजितला सारखं काहीतरी चुकतंय असं वाटे. तो थांबायचा, मागं बघायचा.

"काय बघतोस?" मालनबाई विचारायच्या.

"कोण नाही ना, बघतोय."

"कोण असणार हाय? दे धागा."

दुसऱ्या महिन्यात एकदा उकाड्यानं जीव नकोसा झाला. नाझनीननं टेबलफॅन उचलून समरजितकडं वळवला. त्याच्या बाजूचे सगळे धागे थरथरायला लागले, बोटाला एकही लागेना. "तिकडं वळव गं," मालनबाई खेकसल्या, "त्याच्याकडं वारा आला की धागं हलत्यात." आणि मग त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. त्या दिवशी त्यांनी कोणालाही वायर मारली नाही. जाताना पंख्याजवळ थोडा वेळ उभ्या राहिल्या.

तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला बोटाला धागा एकेकटा भेटायला लागला. चौथ्यात समरजित आणि नाझनीन मिळून एका दिवसात अर्धा बीम ओवू लागले. मगदूमांनी बाहेर पाठवलेले बीम परत मागवले. बाकीचे अठरा उमेदवार भिंतीकडेच्या बाकावर बसून शहाण्णव टक्क्यांनी टक टक करत होते.

तेव्हा पाटणकर मॅडम आल्या. धागा जाताना बघून त्या दचकल्याच. टॅब समरजितच्या डाव्या हातावर धरला. गोल फिरलं, फिरलं, आणि थांबलं.

"जुळणी शून्य," त्या म्हणाल्या. "चारशे बारा हस्तदात्यांपैकी कोणाशीच नाही. असं होत नाही. काही ना काही तर येतंच." त्यांनी टॅब पुसून परत धरला. "शून्यच. शून्य म्हणजे अकुशल होतं हे, अण्णासाहेब."

"होऊ दे की," मगदूम म्हणाले.

"पण अकुशल माणसाला अनुदान देता येणार नाही."

"त्याचंच बरं वाटतंय मला. अनुदान नाही म्हणजे सहा महिन्यांनी ते संपणार नाही. संपणार नाही म्हणजे ह्याला काढायला मला कारणच नाही. आणि हा गेला तर दुसरा मिळणार नाही." मगदूम समरजितकडं वळले. "काय कोष्टी, झालास की कायम."

समरजितनं मान हलवली. आनंद व्हायला हवा होता, बहुतेक झालाही होता. पण अकुशल आहोत म्हणून कायम झालो, की कायम झालो म्हणून अकुशल, हे नीट लागत नव्हतं, आणि मधे समोरून आकडी आली म्हणून त्याला धागा द्यावा लागला.

मॅडम मात्र विचारात पडल्या होत्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "समरजित, आपण तुमचाच हात नोंदवू. डावा. देणाऱ्याचा. हस्तदाता क्रमांक चारशे तेरा! तुमचं नाव, मानधन, प्रमाणपत्र. एकवीस दिवसांत या अठरा जणांना देता यायला लागेल. सगळा प्रश्न मिटतो."

मगदूम हळूच छताकडं बघायला लागले. त्यांच्या मनात काय आलं ते समरजितला दिसलं, कारण तेच त्याच्याही मनात येत होतं. अठरा जणांना देता आलं की देणं यादीत येणार. यादीत आलं की अनुदान. अनुदान आलं की सातव्या महिन्याची एक तारीख, आणि चहा. पण त्या अठरांत रणवीर होता, शौर्यजित होता, त्यांनी आपापले हात पुढं करून ठेवले होते. त्यानं मालनबाईंकडं पाहिलं.

"मला काय इचारतोस?" त्या म्हणाल्या. "मला कुणी इचारलं हुतं?" मग म्हणाल्या, "म्या शिकवीन की त्यास्नी. सगळ्यांचं डावं रिकामंच हाईत. पर चार म्हैनं लागत्यात."

"चार महिन्यांची तरतूद नाही," मॅडम म्हणाल्या, आणि टॅब आणि लेखणी समरजितपुढं धरली. "इथं सही. हस्तहक्क कायदा, स्वतःच्या हातानं."

समरजितनं मांडीखालचा उजवा हात काढला. तो नकार देणार होता का होकार, हे त्याला तेव्हा सांगता आलं नसतं, नंतरही आलं नाही. लेखणी हातात आली, वजन केकवाल्याचं होतं, आणि टॅबवर त्याचं नाव उमटलं. त्याखाली वळणदार रेघ, आणि शेवटी गुलाब. आज फूल नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं, दोन पानंसुद्धा आली.

टॅबनं लाल अक्षरं दाखवली. सही नमुन्याशी जुळत नाही.

"परत करा," मॅडम म्हणाल्या. त्यानं परत केली. तीन पानं आली. तिसऱ्यांदा कळी.

"असं कसं? तुमचाच हात ना हा?"

"पूर्वी होता, असं वाटतंय," समरजित म्हणाला. "आता आई म्हणते, तेव्हाही नव्हता."

मॅडमनी घाम पुसला. "मग डाव्या हातानं करून बघा."

वहीच्या डोळ्यातून आकडी पुढं आली. समरजितचं डावं बोट धाग्यांवरून गेलं, पुढचा धागा आपणहून भेटला, तो आकडीत गेला आणि ओढला गेला.

"डावा कामात आहे, मॅडम," तो म्हणाला.

आकडी परत आली, या वेळी जरा लवकर. टक टक.

"काय?" समरजितनं विचारलं.

"मला काय माहीत," नाझनीन पलीकडून म्हणाली. "दे."